टकटक कुठून येतेय: २जेझेड-जीई खोलतानाच्या नोंदी

११ जानेवारी

इंजिन एकदाचं स्टँडवर चढलं, टोयोटाचं २जेझेड-जीई, सहा सिलिंडर एका रांगेत. गाडी लेक्सस जीएस ३००, पहिल्या पिढीतली, १९९४ ची, मित्राच्या बाबांची, मीटरवर ३ लाख १२ हजार किलोमीटर. तक्रार अशी की इंजिन चांगलं गरम झालं आणि आयडलला आलं की ऑइलचा दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो, आणि गेल्या दोनेक महिन्यांपासून खालून टकटक. मित्र म्हणाला भंगारात घालतो, मी म्हटलं घालू नकोस, मला दे, उघडून बघतो. बाबांच्या डोक्यात बसलंय की आपणच गाडी ताणून चालवली म्हणून इंजिन गेलं, म्हणून या नोंदी लिहून त्यांना पाठवायचं ठरलंय. बाबा, भाषा वर्कशॉपची आहे, सांभाळून घ्या.

मदतीला काका आहेत. सख्खे नाहीत, पण आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलंय आणि मायक्रोमीटर लावल्याशिवाय मत देत नाहीत.

१२ जानेवारी

आज नुसतं धुणं. रॉकेल, ब्रश, चिंध्या. पुढच्या बाजूला तेल आणि धुळीचा असा थर की पान्याला बोल्ट सापडेना.

धुता धुता नावाचं सांगून टाकतो, बाबांनी विचारलं होतं. २जेझेड-जीई मध्ये जेझेड म्हणजे इंजिनांची फॅमिली, २ म्हणजे त्यातलं दुसरं, जी म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दोन कॅमशाफ्टचं, व्हॉल्वचा कोन मोठा असलेलं हेड, आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. मध्ये टी आला की टर्बो. ज्याचे व्हिडिओ सगळे बघतात तो जीटीई. आपल्याकडे आहे तो त्याचा साधा भाऊ, टर्बो नाही, २२० हॉर्सपॉवर, ऑफिसला जा आणि घरी या असला. मला खरं तर हाच जास्त इंटरेस्टिंग वाटतो, का ते पुढे येईलच.

१८ जानेवारी

क्रँकचा, म्हणजे पिस्टनचं वरखाली होणं फिरण्यात बदलणाऱ्या मुख्य शाफ्टचा, पुढचा बोल्ट. दोन तास. हा बोल्ट तीनशेच्या वर न्यूटन मीटरने आवळलेला असतो, आणि इतकी वर्षं उष्णता खाऊन तो तिथेच संसार थाटून बसलेला. दीड मीटरचा पाइप लावला तर स्टँडच सरकायला लागला, मग काकांनी क्रँकच्या मागच्या चकतीला, फ्लेक्सप्लेटला, पट्टी बोल्टने बांधून ती जमिनीला टेकवली आणि म्हणाले, "आता ओढ, झटका देऊ नकोस." कडाक करून सुटला. मला वाटलं तुटलाच.

पुली हातात घेऊन बघितली. ही साधी पुली नाही, आतला हब आणि बाहेरची लोखंडी रिंग यांच्यामध्ये रबर असतं. सहा सिलिंडर एका रांगेत म्हणजे क्रँक लांब, आणि लांब शाफ्टला प्रत्येक धक्क्याला थोडा पीळ बसतो आणि सुटतो. तो पीळ विशिष्ट वेगाला वाढत जाऊ नये म्हणून हे रबर. आपल्या पुलीचं रबर एका बाजूने चिरा पडून बाहेर आलंय, नखाने तुकडे निघाले. हे जेझेडमध्ये नेहमी दिसतं आणि त्यात कुणाचा दोष नाही, तीस वर्षांचं रबर आहे. पुली नवीन घ्यायची, यात वाद नाही.

मागचं सील ओलं, पुढचंही ओलं, दोन्ही कॅमची सीलं ओली. टायमिंग बेल्टवर तेल. बेल्ट तुटला नाही हे नशीब, आणि तुटला असता तरी या पिढीच्या जीईमध्ये, म्हणजे व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) यायच्या आधीच्या, व्हॉल्व पिस्टनला लागत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. नंतर व्हीव्हीटी-आय आलं तेव्हा जीईची ही सवलत गेली.

१९ जानेवारी

हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्ववाला भाग, काढलं. चौदा बोल्ट, बाहेरून आत, थोडं थोडं सैल करत. सगळे सरळ निघाले, एकाचेही आटे गेले नाहीत.

मला भीती गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगची, होती, कारण टोयोटाच्या याच्या आधीच्या ७एम इंजिनाची बदनामीच त्यावरून आहे. ७एम म्हणजे ८३ मिमीचा बोर (सिलिंडरचा व्यास) आणि ९१ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), तीन लिटरच्या किंचित आत, आणि त्याचं हेड गॅस्केट जायचं, विशेषतः टर्बोवाल्यांचं. कंपनीने हेड बोल्टचा टॉर्क कमी ठेवला होता असं त्या इंजिनावर काम करणारे सगळे सांगतात आणि आवळताना जास्त आवळतात. एम फॅमिली १९६५ पासून चालत आलेली, २०००जीटी मध्ये जे इंजिन होतं ते तिचंच, यामाहाने केलेल्या ट्विन कॅम हेडचं. म्हणजे घराणं मोठं, पण शेवटी शेवटी जुन्या वाड्यावर मजले चढवत गेल्यासारखं झालेलं. जेझेड १९९० ला आलं ते पाया नव्याने खणून.

आपलं गॅस्केट कुठेही जळलेलं नाही. स्ट्रेट एज आणि फिलर गेज लावून हेड सहा दिशांनी बघितलं, सगळ्यात जास्त ०.०४ मिमी. काका म्हणाले फेसिंगला द्यायची गरज नाही, उगाच माल कशाला काढायचा. कार्बन मात्र भरपूर, एक्झॉस्ट व्हॉल्वच्या मागे बोटभर.

म्हणजे बाबा, गाडी कधी तापवलेली नाही तुम्ही. एक आरोप गेला.

२५ जानेवारी

आजची नोंद मोठी आहे.

इंजिन उलटं केलं आणि चेंबर, म्हणजे खालचं ऑइल पॅन, काढायला घेतलं. याचं ऑइल पॅन दोन भागांत असतं, वरचं अॅल्युमिनियमचं, खालचं पत्र्याचं, आणि त्यांच्यात कागदी पॅकिंग नसतं, लिक्विड गॅस्केटची बारीक रेघ मारून बसवायचं असतं. बारीक म्हणजे बारीक. खालचा पत्रा निघाला आणि कडेने आतल्या बाजूला सिलिकॉनच्या अशा वळ्या लोंबतायत की केकवरचं क्रीम. काही ठिकाणी वळी तुटलेली. तुटलेला तुकडा गेला कुठे?

स्ट्रेनर, म्हणजे पंपाच्या तोंडाची तेल गाळायची जाळी, काढून उजेडात धरला. जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग करड्या सिलिकॉनने भरलेला. चिमट्याने तुकडे काढून कागदावर मांडले, एकोणीस भरले, सगळ्यात मोठा करंगळीच्या नखाएवढा. फोटो पाठवलाय, बघा.

हे कंपनीचं काम नाही, रंगही वेगळा आणि हातही वेगळा. गाडीच्या फाइलमध्ये चारेक वर्षांपूर्वीचं "ऑइल गळती बंद केली" असं बिल आहे, कुठल्या गॅरेजचं ते सांगत नाही, त्याचा काही उपयोगही नाही.

आता कोडं असं की दिवा आयडललाच का लागायचा? मी म्हटलं जाळी बुजली तर उलट व्हायला पाहिजे ना, वेग वाढला की पंपाला जास्त तेल लागतं, तेव्हा कमी पडायला पाहिजे. काका म्हणाले, "पडतच होतं. दिव्याला कळत नव्हतं." आणि बरोबर आहे ते, दिव्याचा स्विच फक्त प्रेशर अगदीच पडलं तर लागतो. हायवेवर वेगात पंप जाळीतून जेवढं ओढता येईल तेवढं ओढायचा, स्विचला पुरेसं वाटायचं, पण बेअरिंगला पुरत नव्हतं, आणि बेअरिंग हळूहळू झिजत गेलं. मग झिजलेल्या बेअरिंगमधली फट वाढली, आणि गरम पातळ तेल आयडलला त्या फटीतून निसटायला लागलं, तेव्हा कुठे दिवा लुकलुकला. म्हणजे दिव्याने आपल्याला दुसरा अंक दाखवला, पहिला होऊन गेला होता.

कनेक्टिंग रॉडच्या कॅप खोलल्या. पाच नंबरचं बेअरिंग: वरचा मऊ थर गेलेला आणि खालचा तांबूस थर दिसतोय. टकटक तीच. सहा नंबरचंही त्याच वाटेवर. बाकी चार करडी, किंचित ओरखडे, अजून चालली असती.

२६ जानेवारी

बाबांचा फोन. "मग माझ्यामुळे नाही ना?" नाही. "मी १४० ने चालवायचो कधी कधी." चालवा हो, त्यासाठीच केलंय ते.

१ फेब्रुवारी

क्रँक बाहेर. दोघांनी उचलला, व्ही ब्लॉकवर ठेवला, डायल गेज लावून फिरवला. काटा जेमतेम हलला. पाच नंबरच्या पिनवर ओरखडे आहेत पण नखाला अडकत नाहीत, पॉलिश करून भागेल, ग्राइंडिंगची गरज नाही. फोर्ज्ड स्टील, मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, ६२ मिमीचे, रॉडच्या पिना ५२ च्या, सात मेन बेअरिंग, म्हणजे प्रत्येक पिनेच्या दोन्ही बाजूंना आधार.

क्रँक असा टेबलावर असला की सरळ सहा सिलिंडर इतकं गुळगुळीत का चालतं ते डोळ्यांनी दिसतं. १ आणि ६ च्या पिना एकाच कोनात, २ आणि ५ एका कोनात, ३ आणि ४ एका कोनात, आणि या तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर. मधोमध आरसा धरला तर मागचा अर्धा भाग पुढच्या अर्ध्याचं प्रतिबिंब. त्यामुळे पुढचं टोक वर उचलायला बघतं तेव्हा मागचंही तेवढंच बघतं आणि इंजिन डोलत नाही, आणि पिस्टन वरखाली होण्याचे धक्के तीन जोड्यांत वाटले जाऊन आपापसात शून्य होतात. चार सिलिंडरमध्ये दुप्पट वेगाचा जो एक धक्का शिल्लक राहतो, ज्यासाठी काही इंजिनांत बॅलन्स शाफ्ट घालावे लागतात, तोही इथे उरत नाही. वर दर १२० अंशांना एक स्फोट, क्रम १-५-३-६-२-४. ज्याला कुणाला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं असेल त्याला रात्रभर झोप लागली नसेल. या गुळगुळीतपणाची किंमत एकच, लांबी, आणि लांबीबरोबर तो पीळ, ज्यासाठी आपली पुली मेली.

२ फेब्रुवारी

बोर मोजले. काकांनी मोजले, मी लिहून घेतले. नवीन असताना ८६.०० ते ८६.०१ च्या आसपास असतो. आपले सहाही ८६.०२ च्या आत, वर-खाली-आडवे-उभे सगळीकडे. ३ लाख १२ हजारांनंतर. होनिंगच्या तिरप्या रेघा तीन सिलिंडरमध्ये अजून दिसतायत. काकांनी दुसऱ्यांदा मोजले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

आता इतकं कमी का झिजलं ते. लोक सांगतात जाडजूड बिडाचा ब्लॉक आहे, आणि आहेच, शिवाय वरून क्लोज्ड डेक, म्हणजे सिलिंडरच्या भोवतीचा वरचा पृष्ठभाग सलग, पाण्याला फक्त भोकं, त्यामुळे बोर वरच्या टोकाला हलत नाही आणि गॅस्केटला बसायला पक्की जागा मिळते. पण बिडाचे ब्लॉक जगात ढिगाने झाले, सगळे असे टिकले नाहीत. माझं मत असं झालंय की या इंजिनात कुठलाच पार्ट जीव तोडून काम करत नाही. बोर ८६, स्ट्रोक ८६, २९९७ सीसी. ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.२ मीटर येतो, आरामाचा आकडा आहे. आणि हा जो क्रँक टेबलावर पडलाय तोच जीटीई मध्ये जातो, जो अमेरिकेच्या मार्केटमध्ये ३२० हॉर्सपॉवर द्यायचा आणि जपानात कंपन्यांच्या आपापसातल्या समझोत्यामुळे कागदावर २८० च लिहायचा. ३२० झेलणारा क्रँक २२० वर चालवायचा म्हणजे पैलवानाला भाजीची पिशवी उचलायला लावण्यासारखं. टर्बोवाले याच सवडीचा फायदा घेऊन ब्लॉकमधून भलभलते आकडे काढतात आणि त्याची दंतकथा होते, साधा जीई तीच सवड वर्षांमध्ये खर्च करतो.

फॅमिली म्हणून विचारही तसाच. १जेझेड अडीच लिटरचं, त्यातही बोर ८६ च, फक्त स्ट्रोक ७१.५ आणि ब्लॉकची उंची कमी. म्हणजे लहान इंजिनासाठी पातळ काही केलंच नाही, मोठ्याच्याच मापाने शिवलं.

जे जातं ते सगळं मऊ जातं. सीलं, रबर, ओ-रिंगा, होज, डिस्ट्रिब्युटरच्या मागची ती तेल गाळणारी रिंग, व्हॉल्व कव्हरचं पॅकिंग. आणि मग ती गळती थांबवायला कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब घेऊन येतो.

८ फेब्रुवारी

पार्ट आले, आणि मी शेण खाल्लं.

टोयोटात मेन बेअरिंग सरसकट एकाच जाडीची नसतात. ब्लॉकवर प्रत्येक जर्नलसाठी एक आकडा कोरलेला असतो, क्रँकवर एक, दोन्हींची बेरीज करायची आणि बेरजेवरून बेअरिंगची जाडी ठरते. फार सुंदर पद्धत, फॅक्टरीत जो बारीक फरक पडला तो बेअरिंगमध्ये भरून काढायचा. मी आकडे लिहिले, बेरजा केल्या, मागवली, बसवली, मधे प्लास्टिगेजची (दाबली की पसरणारी, फट मोजायची) पट्टी ठेवून कॅप आवळल्या, परत खोलून पट्टीची रुंदी मोजली. एक नंबरला फट मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा कमी. सातला जास्त. मधली सगळी ठीकठाक. मी म्हटलं बेअरिंगच चुकीची पाठवली दुकानदाराने, फोन उचलला सुद्धा.

काका ब्लॉककडे आले, मान वाकडी करून आकडे वाचले, मग माझी वही बघितली. "इंजिन उलटं टांगलंय ना रे?"

ब्लॉकचे आकडे मी मागून पुढे वाचले होते. पहिला शेवटचा आणि शेवटचा पहिला. दुकानदाराला केलेला फोन त्याने उचलला नव्हता, तेवढी अब्रू वाचली.

९ फेब्रुवारी

बेअरिंग अदलाबदल करून परत प्लास्टिगेज. सातही आत.

१५ फेब्रुवारी

रिंगा यायच्यात, आज काम नाही, म्हणून बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, इतकं चांगलं होतं तर बंद का केलं.

लांबी हो. सरळ सहा पुढच्या बोनेटमध्ये उभं बसवायचं तर गाडीचं नाक लांब लागतं, अपघातात चेपायला जागा ठेवायची तर आणखी लांब, आणि फ्रंट व्हील गाड्यांमध्ये आडवं बसवायचं म्हटलं तर बसतच नाही. व्ही६ म्हणजे तीन-तीनच्या दोन रांगा, ठोकळा आखूड, कुठेही घाला. म्हणून २००२ पासून टोयोटाने जीआर हे व्ही६ घराणं आणलं आणि जेझेड हळूहळू संपलं. व्ही६ ला दोन हेड, चार कॅम, क्रँकपिना सरकवाव्या लागतात आणि तरी डोलणं पूर्ण जात नाही, पण ते सगळं सहन करायला कंपन्या तयार झाल्या.

गंमत म्हणजे वारं परत फिरलं. टर्बो सगळीकडे आले, आणि सरळ सहामध्ये एक्झॉस्ट सगळा एकाच बाजूला असतो, टर्बो आणि कॅटॅलिस्ट शेजारी शेजारी बसतात, शिवाय तेच अर्ध्या लिटरचे सिलिंडर चार लावले की चारचं इंजिन तयार. मर्सिडीजने २०१७ ला सरळ सहा परत आणलं, माझदाने २०२२ ला. आणि २०१९ ची सुप्रा आली तिच्यात टोयोटाचं सहा सिलिंडर नाहीच, बीएमडब्ल्यूचं बी५८ आहे, अॅल्युमिनियमचं पण क्लोज्ड डेक. जेझेडवाल्यांनी त्यावरून जी रडारड केली ती मी वाचलीय आणि थोडी केलीही आहे.

२२ फेब्रुवारी

रिंगा, पिस्टन, रॉड, सगळं आत. प्रत्येक रिंगेची फट बोरमध्ये घालून मोजली. ऑइल पंपाचं पुढचं सील नवीन, दाबून बसवताना तिरकं जाऊ नये म्हणून जुन्या पाइपाचा तुकडा घासून सरळ केला.

मग हेड. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचं बोट. मधून बाहेर, आधी ३४ न्यूटन मीटर, मग प्रत्येकाला ९० अंश, मग परत ९०. डोक्यावर रंगाचा ठिपका मारायचा म्हणजे कुठला फिरवला कुठला राहिला कळतं. शेवटच्या फेरीत पान्याला जे लागतं ते हाताला आवडत नाही, वाटतं आता तुटणार, पण बोल्ट थोडा ताणला जाणं हाच हेतू आहे, तो स्प्रिंगसारखा हेड धरून ठेवतो.

चेंबर मी लावलं. रेघ बारीक. काका मागे उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत.

१ मार्च

शिमा. चोवीस व्हॉल्व, चोवीस शिमा, टॅपेटच्या वर चकतीसारख्या बसतात आणि कॅमपासूनची फट ठरवतात. थंड इंजिनावर ही फट इनटेकला ०.१५ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्टला ०.२५ ते ०.३५. कंटाळवाणं काम, आणि एकदा केलं की लाखभर किलोमीटर बघायला लागत नाही. तीन बदलल्या, बाकी जागच्या जागी. इथेही तेच, एकवीस शिमा तीस वर्षांनी मापात.

७ मार्च

टायमिंग बेल्ट, नवीन आयडलर, नवीन टेन्शनर, वॉटर पंपही आताच बदलला, परत कोण एवढं खोलणार. टेन्शनरचा दांडा शिकंजात अगदी हळू दाबायचा, भोकं जुळली की पिन घालायची, बसवायचा, खुणा जुळवायच्या, पिन ओढायची. दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून खुणा परत बघितल्या. जुळल्या. नवीन पुली. बोल्ट आवळताना परत तीच पट्टी, तोच पाइप.

१४ मार्च

इंजिन गाडीत गेल्या आठवड्यातच बसलं होतं, वायरिंग आणि होजमध्ये वेळ गेला. आज आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारला, दहा सेकंद, थांब, परत दहा, तिसऱ्या वेळी दिवा विझला. मेकॅनिकल गेज लावलं होतं, काटा उठला तेव्हा काकांनी पहिल्यांदा "हं" केलं.

फ्यूज लावला, किल्ली फिरवली. दोन सेकंद काहीच नाही, मग पकडलं. लिफ्टरसारखा थोडा आवाज, पाचेक सेकंदांत गेला. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवलं, गरम आयडलला दिवा विझलेला. रेडिएटरच्या वरच्या पत्र्यावर नाणं उभं ठेवायचा तो जुना खेळ केला, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा राहिलं, पण खरं सांगायचं तर ते माझ्या हातामुळे पडत होतं.

बाबांना फोन लावून बोनेटवर धरला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "हे चालू आहे का?"

१५ मार्च

सकाळी खाली पुठ्ठा ठेवला होता त्यावर एक थेंब. व्हॉल्व कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, पॅकिंग तिथे अर्धवर्तुळात वळतं ना, तिथे. एक बोल्ट पाव फेरा कमी राहिलाय असं वाटतंय, नाहीतर कव्हर काढून कोपरे साफ करून परत. संध्याकाळी बघतो. मित्र म्हणाला थोडं सिलिकॉन लाव ना वरून. त्याला ते एकोणीस तुकडे कागदासकट दिलेत.